तुम्ही विचारलंत म्हणून: नवी थार देऊन जुनी जीप घ्यावी का?

पावसाळा तोंडावर आला की हा प्रश्न हमखास येतो. दारात २०२० नंतरची थार उभी असते, हप्ते फिटत आलेले असतात आणि ओळखीतल्या कुणाची तरी एमएम ५४०, म्हणजे महिंद्राची जुनी जीप, विकायला निघालेली असते. "ही देऊन टाकतो आणि ती घेतो. काय म्हणता?" आमच्या भोरच्या घरी काकांची एमएम ५४० अजून चालती आहे आणि पुण्यात मी रोज नवी थार चालवतो, म्हणून लोक मला विचारतात. दोन्ही गाड्यांवर माझा जीव आहे, तेव्हा उत्तर नीट देतो.

नवी ठेवून जुनी घेता येत असेल तर जरूर घ्या. पण घरात दुसरी चारचाकी नसताना, नवी विकून जुनी घेऊ नका. मुलंबाळं मागे बसणार असतील तर मुळीच नको.

जुन्या जीपची ओढ मला कळते. काकांनी त्या जीपवर वडाप केलं. बाजाराच्या दिवशी भोरहून हिर्डोशीच्या अंगाला माणसं, पिशव्या, कोंबड्या आणि खताची पोती असं सगळं त्या गाडीने ओढलं. आत २११२ सीसीचं प्यूजोचं डिझेल इंजिन, ताकद जेमतेम साठेक अश्वशक्ती. पण ते इंजिन बंद पडलं तर का पडलं हे बॉनेट उघडल्यावर डोळ्यांना दिसतं. एकदा धरणाच्या कडेला गाडी झटके देत थांबली. काकांनी सीटखालून पाना काढला, डिझेल फिल्टरवरचा नट अर्धा फेरा सैल केला आणि हातपंप दाबायला लागले. नटाच्या कडेने आधी फेस आला, मग फेसात बुडबुडे, मग बुडबुडे विरळ होत होत नुसतं स्वच्छ डिझेल वाहायला लागलं. नट आवळला, हीटर देऊन गार इंजिन तापवलं, चावी फिरवली. "एअर धरली होती," एवढंच म्हणाले आणि गाडी गिअरमध्ये टाकली. ना स्कॅनर लागला, ना टो करणारी गाडी. गाडीचा मालक गाडी स्वतः दुरुस्त करू शकतो ही फार मोठी गोष्ट आहे आणि ज्याला ती हवीशी वाटते त्याला मी वेड्यात काढणार नाही.

नव्या गाडीची एक अडचणही खरी आहे. बीएस-६ च्या, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या डिझेल गाडीत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायची तर सायलेन्सरमध्ये भरपूर उष्णता लागते आणि ती सलग, बऱ्या वेगात गाडी पळवल्यावरच मिळते. रोज गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटर आणि रविवारी चिखलात रांगत फिरणं, एवढाच वापर असेल तर फिल्टर भरतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. अशा माणसाला जुनं साधं इंजिन सोयीचं वाटलं तर त्यात नवल नाही.

आता चिखल-दगडातली गोष्ट. जुन्या जीपला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड हौजिंग, म्हणजे दोन चाकं जोडणारी लोखंडी नळी, आणि स्प्रिंगचे पाटे. एक चाक दगडावर चढलं की हौजिंगही वर उचललं जातं, त्यामुळे खालची मोकळी जागा तेवढीच राहते. नव्या थारला पुढची चाकं सुटी, म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्र वर-खाली होणारी आहेत. ती दबली की गाडीचं पोट खाली येतं. जुनी बरीच हलकी, अरुंद आणि आखूड. दोन बांधांमधल्या बोळातून ती जिथून निघते तिथे १८२० मिलिमीटर रुंदीची नवी गाडी आरसे मिटूनही घासते. पण काकांच्या जीपला मागे डिफरेन्शियल लॉक, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप नाही. तिरप्या खड्ड्यात पुढचं एक आणि मागचं विरुद्ध बाजूचं चाक हलकं झालं की तीच दोन चाकं हवेत गरगरतात आणि गाडी जागची हलत नाही. खाली उतरून दगड लावायचे, नाहीतर चौघांनी धक्का द्यायचा. नवी थार तिथे गरगरणाऱ्या चाकाला आपणच ब्रेक लावते, खालून टकटक आवाज येतो आणि गाडी सावकाश बाहेर येते. २२६ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, ६५० मिलिमीटर पाण्यातून जायची क्षमता आणि पुढचा बंपर न घासता ४१.८ अंशांच्या चढाला भिडायची सोय. सह्याद्रीतल्या बहुतेक ओढ्यांना आणि बैलगाडीच्या वाटांना एवढं पुरून उरतं. ट्रान्सफर केसचा, म्हणजे चारही चाकांना ताकद जोडणारा दांडा तर तिच्यातही हातानेच ओढायचा आहे. "जुन्या गाडीवर माणूस खरं चालवायला शिकतो" असं म्हणतात, त्यात तथ्य आहे. पण ओढ्यात घालण्याआधी खाली उतरून, काठीने पाणी मोजून, वाट पायी चालून बघायची सवय कुठल्याही गाडीत लावून घेता येते.

माझ्या मते हा निर्णय ओढ्यात होतच नाही. ओढ्यापर्यंत पोचायच्या डांबरी रस्त्यावर होतो. पुण्यातून निघून भोर, वरंध घाट, महाड अशी वाट धरलीत तर चिखल किती आणि हायवे किती याचा हिशेब करून बघा. सातारा रस्त्यावर तुमच्या मागे कंटेनर असतो, बाजूने एसटी असते आणि साठ अश्वशक्तीची जीप चढाला दम खात असते. चारही चाकांना ड्रम ब्रेक. पाण्यातून बाहेर आल्यावर ते ओले असतात. काही अंतर पॅडलवर हलका पाय ठेवून ते सुकवावे लागतात, नाहीतर पहिल्याच उतारावर पाय दाबूनही गाडी थांबत नाही. मागच्या बाकांवर माणसं आडवी, एकमेकांकडे तोंड करून बसलेली. समोरून धडक बसली तर त्यांना धरून ठेवणारं काही नाही. वडापच्या दिवसांत अशा बाकांवर आम्हीही बसलो, कारण दुसरी सोय नव्हती. आज तुमच्याकडे सोय आहे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये गाड्यांची धडक चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने नव्या थारला मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही चार तारे दिले. त्या गाडीत दोन एअरबॅग आहेत, एबीएस आहे, मागची सीट समोर तोंड करून आहे. ही गाडी विकून मुलांना आडव्या बाकावर बसवायचं, हे मला पटत नाही आणि मी कुणालाही तसं करायला सांगणार नाही.

मधली वाट म्हणजे २०१० ते २०१९ मधली सीआरडीई, म्हणजे कॉमन रेल डिझेल इंजिनाची थार. अडीच लिटरचं १०५ अश्वशक्तीचं इंजिन, मागे पाटे, काजळीच्या फिल्टरची कटकट नाही, आणि हायवेला एमएम ५४० पेक्षा कितीतरी निवांत. २०१५ च्या बदलांनंतर मागच्या डिफरेन्शियलला लॉकही मिळालं. जुनीच हवी असं ठरलंच असेल तर माझा कौल हिला. पण एअरबॅग हिच्यातही नाहीत आणि एबीएस आलं ते अगदी शेवटी, २०१९ मध्ये.

ज्यांनी २०२३ नंतरची टू-व्हील ड्राइव्ह थार घेतली आणि आता चिखलात जायची हौस लागली आहे, त्यांना मात्र मी बदला असंच सांगतो. फक्त चाळीस वर्षांपूर्वीच्या जीपकडे न जाता २०२०-२१ ची फोर-बाय-फोर वापरलेली थार बघा. हवं ते सगळं मिळेल आणि सुरक्षितताही हातची जाणार नाही.

मी घ्याच म्हणतो अशी माणसंही आहेत. ज्याचं घर किंवा शेत डोंगरात आहे, जीप तीस-चाळीसच्या वेगाने पाच-सात गावांतच फिरणार आहे, आणि जुनी जीप हाताखालून गेलेला मिस्त्री जवळच आहे, त्याने जुनी खुशाल घ्यावी. ही तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची. क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरेन्शियलमधली दातेरी चाकं, आवाज करायला लागलं की ते नीट बसवणारा हात आता सहज मिळत नाही.

कागदांकडे लोक शेवटी बघतात, ते आधी बघा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. म्हणजे २०१८ ची सीआरडीई २०३३ पर्यंत निर्धास्त, तर एमएम ५४० ला दर पाच वर्षांनी पासिंगला न्यायचं आणि वर पर्यावरण कर भरायचा. २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या चारचाकीच्या नूतनीकरणाची फी १०,००० रुपये झाली आहे. जुन्या जीपमध्ये इंजिन बदललेलं असणं नेहमीचंच. आरसी बुकात पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल अशाही गाड्या भेटतात. हरियाणातल्या डबवालीकडची नव्याने बांधलेली असो की लष्कराच्या लिलावातली, चॅसिसवर ठोकलेला नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. जुळत नसेल तर किंमत कितीही पाडली तरी ती गाडी घेऊ नका.

हे सगळं जमलं तर टोकन देण्याआधी एक सकाळ काढा आणि विकणाऱ्याला सांगून ठेवा, की मी येईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. गार इंजिन हीटर दिल्यावर किती पटकन घेतं आणि धूर किती वेळ राहतो ते बघा. मग पाठीवर झोपून गाडीखाली जा. मागच्या पाट्याचं टोक चॅसिसला जिथे अडकतं तिथला वाळलेला चिखल खरवडा आणि हातोडीने हलकेच ठोका. धड लोखंड ठण्ण वाजतं, कुजलेलं थप्प वाजतं आणि पापुद्रे खाली पडतात. पुढचं चाक जॅकवर उचलून वरून-खालून धरून हलवा. खुळखुळलं तर बेअरिंग किंवा किंगपिन (चाक ज्या खिळीवर वळतं ती) गेलेलं आहे. स्टिअरिंग बाहेरून थोडं थोडं फिरवत चाक कधी हलायला लागतं ते पाहा. शेवटी मऊ मातीत फोर लो, म्हणजे चारही चाकांचा सावकाश जोराचा गिअर टाकून पुढची दोन्ही चाकं माती ओढतात का ते बघा. कित्येक जीपचा पुढचा शाफ्ट कधीच काढून ठेवलेला असतो.

एवढं करून गाडी पसंत पडली तर घ्या आणि पहिला खर्च ब्रेकवर करा. हूड, दिवे, रुंद टायर नंतर.