त्रेचाळीस टक्क्यांवर

परवापासून एकच वाक्य डोक्यात घोळत आहे. "म्हणजे मामा, ते पुस्तक तुझं नाहीच आहे न." भाचीने हे अगदी सहज म्हटले. तिच्या बोलण्यात खोच नव्हती हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण तिच्या आईच्या बोलण्यात ती हमखास असते, आणि ताईने हेच म्हटले असते तर चहा संपायच्या आत मी ते विसरलो असतो.

मे महिन्यात नागपूरला मामाकडे राहायला यावे ही कल्पना मुळात कोणाची होती, हे आता विचारण्यात अर्थ नाही. दुपारी कूलरसमोर चटई टाकून पडण्याखेरीज इथे दुसरा उद्योग नसतो, आणि लाईट गेली की कूलरबरोबर वायफायही जाते. अशाच एका दुपारी तिने वाचायला काहीतरी मागितले. माझ्या खोलीतले कपाट तिने आधीच उघडून पाहिले होते. त्यात पुस्तके नाहीत. जुन्या फोनचे रिकामे खोके, कोणत्या यंत्राचे ते आता सांगता येणार नाही असे चार्जर, आणि कधीतरी लागतील म्हणून ठेवलेल्या केबली आहेत. हिची पुस्तके बाहेरच्या खोलीत आहेत, पण त्यांना हात लावण्याआधी परवानगी घ्यावी लागते. तो विषय इथे नको. मी मोठ्या ऐटीत माझा ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तके वाचायचे यंत्र, भाचीच्या हाती दिला. दिवेलागणीपर्यंत तिचे एक प्रवासवर्णन 43 टक्के वाचून झाले, आणि सकाळी गणेशपेठेतून यवतमाळची गाडी धरायची असल्यामुळे "एवढं एकच पुस्तक घेऊन जाऊ का?" असे तिने विचारले.

ते तसे नेता येत नाही, हे मी तिला सविस्तर समजावून सांगितले. खाते कशाला म्हणतात, फाइलीला कुलूप का असते, आपण पैसे देतो ते वाचण्याच्या परवान्याचे कसे असतात, वगैरे. यंत्रांबद्दल कोणी काही विचारले की मला चेव येतो. तिने सगळे शांतपणे ऐकले आणि मग ते वाक्य म्हटले.

माझा या यंत्रावर जीव आहे, आणि तो उगाच नाही. त्याच्या पडद्यामागे केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्या असतात, त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे पांढरे आणि काळे कण तरंगत असतात, आणि विजेचा दाब बदलला की त्यांतले कोणते वर यायचे ते ठरते. एकदा पान उमटले की ते तसेच ठेवायला वीज लागत नाही, म्हणूनच लाईट नसलेल्या दुपारी घरातल्या इतर सगळ्या वस्तूंनी मान टाकली तरी हा चालू होता. मराठी पुस्तके संगणकावर वाचताना जोडाक्षरे फुटलेली, वेलांट्या भलत्याच अक्षरावर बसलेल्या, असे दिवस मी पाहिले आहेत. 2016 च्या डिसेंबरात किंडलवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ई-रीडरवर, मराठी पुस्तके अधिकृतपणे आली तेव्हा मी मित्रांना फोन करून ही बातमी दिली होती, आणि त्यांतल्या एकालाही तिचे अप्रूप वाटले नव्हते.

मला या व्यवहाराची दुसरी बाजू ठाऊक नव्हती असेही नाही. 2009 च्या जुलैमध्ये अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून ऑर्वेलची दोन पुस्तके परस्पर काढून घेतली. विकणाऱ्याकडे त्यांचे हक्कच नव्हते, हे कारण खरे होते आणि पैसेही परत केले गेले. पण त्यांतले एक '1984' होते, म्हणजे लोकांवर पाळत ठेवून नको तो मजकूर नाहीसा करणाऱ्या सत्तेचीच कादंबरी, त्यामुळे जगाने जे काही बोलायचे ते बोलून घेतले. मला मात्र त्या प्रकरणातला अमेरिकेतला एक शाळकरी मुलगा लक्षात राहिला आहे. त्याने सुटीच्या अभ्यासासाठी त्या पुस्तकावर टिपणे काढली होती, आणि पुस्तकच गेल्यामुळे ती टिपणे नेमकी कोणत्या ओळींवर आहेत हे कळायला मार्ग उरला नाही. पुढे 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा पुस्तकांची किंमत परत केली आणि ज्यांनी समासात टिपणे लिहिली होती त्यांना वर 25 डॉलर दिले. टिपणे एका ओळीची असोत की शंभर पानांची, 25 डॉलर. हा हिशोब कोणी आणि कसा मांडला असेल, याचा विचार मी अधूनमधून अजून करतो. कॅलिफोर्नियात तर 2025 च्या जानेवारीपासून असा कायदाच लागू आहे की, डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल तर तसे त्याला स्पष्ट सांगितले पाहिजे. हे सर्व मी तेव्हाच्या तेव्हा वाचले होते, लोकांना रंगवून सांगितलेही होते. त्याने माझी झोप कधी गेली नाही. मग एका मुलीने ते पाच-सहा शब्दांत सांगितल्यावर का जावी?

कदाचित हे देण्याशी संबंधित असेल. आबांच्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर त्यांचे नाव, तारीख आणि "सीताबर्डी" असे जांभळ्या शाईत असायचे, आणि त्यांतली निम्मी पुस्तके लोकांकडे गेली ती गेलीच. ते चिडत, पण पुढच्या माणसाला पुन्हा देत. माझ्याकडची यादी त्यांच्या कपाटाच्या कितीतरी पट मोठी आहे, आणि त्यांतले एकही पुस्तक कोणी बुडवू शकत नाही. माझी आवड काय, मी काय वाचून मोठा झालो, हे माझ्या घरात येणाऱ्याला केबलींवरून ओळखावे लागेल. आणि मी गेल्यावर तर... असो.

एक प्रयत्न केला. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतात, तेव्हा त्यांची पुस्तके कोणीही कोणालाही द्यावीत, ती विकिस्रोत या इंटरनेटवरच्या मोफत ग्रंथालयातही आहेत. तिच्या फोनवर आत्ता उतरवून देतो म्हटले, तर "ते शाळेत झालं, मामा" असे उत्तर आले. मग बर्डीवरच्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन त्या प्रवासवर्णनाची छापील प्रत मिळते का तेही पाहिले. मागवून देतो म्हणाले, आठ दिवस लागतील.

चित्रपटांच्या बाबतीत मला असे काही वाटत नाही, याचे नवल वाटते. पाहायचे म्हणून बाजूला ठेवलेले चित्रपट ओटीटीवरून न सांगता नाहीसे होतात आणि मी दुसरे काहीतरी लावतो. जानकी टॉकीजमधून बाहेर पडताना चित्रपट आपला झाला असे कोणालाच वाटत नसे, त्यामुळे ती सवय तिथूनच असावी.

माझे खाते तिच्या फोनवर उघडून द्यावे, हा सोपा उपाय ताईनेच सुचवला. त्याला मी इतक्या तडकाफडकी नकार दिला की मलाच आश्चर्य वाटले. पुस्तक द्यायला हरकत नव्हती, पण त्याबरोबर सगळेच गेले असते. कोणते पुस्तक बारा पानांवर सोडले, आत्मविकासाची कोणती पुस्तके रात्री दोन वाजता विकत घेतली, कोणत्या कवितेखाली रेघ ओढली, हे सर्व त्या खात्यात आहे. पुस्तकावर माझा हक्क नसेल, पण त्या रेघा माझ्याच आहेत आणि त्या भलत्या आहेत.

शेवटी मी तिला ई-रीडरच देऊन टाकला, दिवाळीपर्यंत. बाकीची पुस्तके त्यावरून हटवली, तेवढे एक ठेवले. "मग तू काय वाचशील?" असे तिने विचारले तेव्हा मी फोन दाखवला. खरे सांगायचे तर रंगीत पडद्याचे नवे ई-रीडर त्याच रात्री पाहून ठेवले होते. काळी अक्षरे इंचाला 300 ठिपक्यांची आणि रंग मात्र 150 चे, म्हणजे रंगीत चित्रे जुन्या दिवाळी अंकातल्यासारखी फिकी दिसणार. हे दोष मी तोंडपाठ म्हणून दाखवतो आणि तरीही पगार झाल्यावर काय करणार आहे हे हिला आत्ताच माहीत आहे.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती. यंत्र यवतमाळला असले तरी खाते माझेच आहे, त्यामुळे ते वायफायला जोडले गेले की तिचे वाचन माझ्या फोनवर दिसते. काल दुपारी 58 टक्के होते, रात्री 71. हे पाहणे बरे नव्हे असे म्हणत मी ते पाहतो. एका ठिकाणी तिने स्वतःची रेघ ओढली आहे, आणि ते वाक्य मी दोनदा वाचूनही त्यात रेघ ओढण्यासारखे काय आहे ते मला कळलेले नाही.

आणि आज सकाळी तिचा मेसेज आला. इतर पुस्तके हटवली, पण या पुस्तकातली माझी टिपणे त्यातच राहिली होती. पहाडातल्या गावात लेखकाला अनोळखी बाई जेवू घालते, त्या प्रसंगापुढे मी पूर्वी कधीतरी "थाप" एवढेच लिहून ठेवले आहे. "मामा, तू थाप का लिहिलंय? आपली आजी नाही का अशीच कोणालाही जेवायला बसवत?" मी उत्तर लिहिले की, आजी बसवत असे, पण ती गोष्ट वेगळी, या लेखकाला प्रत्येक घाटात एक अशी बाई भेटते. तिने उलट प्रसंग दाखवले, मी पान क्रमांक मागितले, तर या यंत्रात पान क्रमांक नाहीत, टक्केच आहेत, असे तिने मला सुनावले. ऑफिसला उशीर झाला. संध्याकाळी पुन्हा तो भाग वाचला, आणि माझे मत अजूनही तेच आहे.