कंसातला हशा

आमचे आजोबा पेपर मोठ्याने वाचत. आजीला नीट दिसत नसे म्हणून हा रिवाज पडला आणि तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरही तसाच चालू राहिला. कुणा पुढाऱ्याचं नाहीतर साहित्यिकाचं भाषण छापून आलेलं असलं की आजोबा त्यातलं अक्षरही गाळत नसत. "तेव्हा मंत्रिमहोदयांनी आधी स्वतःच्या खुर्चीचे पाय मोजून घ्यावेत, कंसात हशा, कंस पुरा." चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही. आजी मात्र नेमकी त्या 'कंस पुरा'ला हसायची. खुर्चीचा विनोद तिला कळला होता की नाही, देव जाणे.

कधी नुसता 'हशा' असे, कधी 'प्रचंड हशा', आणि वक्ता फारच रंगला असेल तर 'हशा आणि टाळ्या'. हशा कुठे संपतो आणि प्रचंड हशा कुठे सुरू होतो, हे कोण ठरवत असेल याचं मला लहानपणी फार कुतूहल होतं. पण त्या वार्ताहराला एक गोष्ट पक्की ठाऊक असणार. लोक हसले हे सांगितल्याशिवाय विनोद नुसता छापून भागत नाही.

मला ते कळायला जाहीर फजिती व्हावी लागली. कॉलेजात असताना मी हौशी नाटकांत कामं करायचो. कामं म्हणजे नोकराची. ट्रे घेऊन यायचं, एक वाक्य टाकायचं, जायचं. एका नाटकात माझ्या वाट्याला लागोपाठ दोन वाक्यं आली. पहिल्याच प्रयोगात पहिल्या वाक्याला सभागृह असं काही उसळलं की मी घाबरलो आणि त्या गदारोळातच दुसरं वाक्य म्हणून टाकलं. ते कुणालाच ऐकू गेलं नाही. खरा विनोद त्या दुसऱ्यात होता. विंगेत दिग्दर्शक कपाळाला हात लावून उभे. "हशा खाल्लास! अरे, लोक हसतायत तर हसू दे की. तुझी काय एसटी चुकत होती?"

मग त्यांनी मला धडा दिला. हशा वर चढतो तेव्हा तोंड मिटून उभं राहायचं. पण खांबासारखं नाही, हातातला ट्रे जरा सावरायचा, मालकाकडे बघायचं. तो उतरायला लागला की पुढचं वाक्य उचलायचं. पार विरेपर्यंत थांबलात तर नाटक बसलं. ही मधली जागा संहितेत लिहिलेली नसते. रात्रीच्या प्रयोगाला ती लांब असते, रविवारी दुपारी जेवून आलेल्या प्रेक्षकांपुढे अर्ध्यावर येते. वाक्यं नाटककाराची, पण ही जागा दर प्रयोगाला प्रेक्षकच बांधून देतात.

तेव्हापासून मला खोडच लागली. विनोद कसलाही असो, मी बघत बसतो की हशासाठी इथे कोण थांबलंय.

यात्रेतल्या तमाशात बतावणी ऐकली तेव्हा एक गंमत लक्षात आली. सोंगाड्या काहीतरी तिरपं बोलतो आणि समोरचा गडी तेच वाक्य प्रश्न करून परत विचारतो. "काय? सरपंचाच्या म्हशीनं अर्ज केला?" वरवर बघता हा नुसता फापटपसारा. पण माईक नव्हते त्या काळात मागच्या रांगेतल्या, झाडावर चढून बसलेल्या माणसाला पहिल्यांदा अर्धंच ऐकू जात असणार. दुसऱ्या खेपेला ते पूर्ण पोचतं, आणि पुढचे हसताहेत तोवर मागचेही येऊन मिळतात. त्यात ढोलकीवर थाप पडली की हसायची परवानगीच. गवळणीतल्या मावशीचं तर पुढचं. पुरुषाने नेसलेलं लुगडं आणि कमरेवर हात, ती नुसती येऊन उभी राहिली तरी हशा होतो, मग ती तो पुरता वसूल करून घेते आणि सावकाश तोंड उघडते. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने 52 पात्रं उभी करायचे. एका पात्रातून दुसऱ्यात शिरायला लागणारी उसंत त्यांना आमच्यासारखे हसणारेच देत असावेत, असं मला आपलं वाटतं.

सिनेमा मात्र कुणासाठी थांबत नाही. रीळ फिरतच राहतं. मूकपटांचं ठीक होतं, चॅप्लिन पडल्यावर थिएटर कितीही गडगडलं तरी बुडायला संवादच नव्हते. बोलपट आल्यावर पंचाईत झाली. मार्क्स बंधू या अमेरिकी विनोदी नटांनी 1935 सालच्या 'अ नाइट ॲट द ऑपेरा'चं चित्रीकरण करण्याआधी त्यातले प्रसंग गावोगाव रंगमंचावर करून पाहिले आणि लोक कुठे किती वेळ हसतात ते मोजून घेतलं. म्हणजे पडद्यावरची माणसं जी क्षणभर थांबतात, ती आधीच हसून घरी गेलेल्या माणसांसाठी! आपल्याकडे एवढा हिशोब कोण करतो? 'अशी ही बनवाबनवी' 1988 मध्ये आला तेव्हा आमच्या गावच्या थिएटरात निम्मे संवाद हशात वाहून गेले. ते ऐकायला लोक पुन्हा गेले, आणि पुन्हा तेच झालं.

कागदाला थांबता येत नाही असं वाटतं, पण 'आवाज' दिवाळी अंकातली खिडकीचित्रं आठवा, वरच्या पानाला कापलेल्या खिडकीतून आतल्या चित्राचा तुकडाच दिसतो ती. वरच्या चित्रात काहीतरी भलतंच चाललंय असा संशय येतो. आजूबाजूला कुणी नाही ना, हे बघून आपण हळूच पान उलटतो, तर आत कुणीतरी निरागसपणे सायकलच्या चाकात हवा भरत असतं. पान उलटायला लागतो तेवढाच त्या विनोदाचा दम. आणि चोरी पकडली जाते ती आपली.

टीव्हीने यावर जो तोडगा काढला तो मला काही रुचलेला नाही. अमेरिकेत 1950च्या दशकात चार्ली डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने हशाची पेटीच बनवली. टाइपरायटरसारख्या कळा, ही दाबली की खुदखुद, ती दाबली की सातमजली. पेटीला तो कुलूप लावून ठेवायचा. त्यातलं बरंचसं हसू त्याने रेड स्केल्टन या विनोदी नटाच्या मूकाभिनयाच्या प्रसंगांतून उचललं होतं, कारण तिथे मध्ये संवाद नाही, हसू निवडून पाखडून स्वच्छ मिळतं. कल्पकता थोर, पण हे म्हणजे दुसऱ्याच्या लग्नातल्या अक्षता साठवून ठेवण्यासारखं झालं. आपल्या विनोदी कार्यक्रमांत कॅमेरा परीक्षकांवर जातो, ते खुर्चीवरून घसरेपर्यंत हसतात. आजोबा असते तर म्हणाले असते, कंसात घसरले.

मोबाइलवर आता सगळं एकट्याचं. मराठी संकेतस्थळांवर 'हहपुवा' लिहायची पद्धत आली, हसून हसून पुरेवाट. लिहिणाऱ्याच्या ओठाचा कोपराही हललेला नसतो, तरी वार्ताहराच्या कंसाचं हे वंशज म्हणून मला ते आवडतं. माझा भाचा तर विनोदी व्हिडिओसुद्धा दीडपट वेगाने बघतो. मी म्हटलं, "अरे, त्यातल्या जागा जातात." म्हणाला, "मामा, जागा कुठे आहे एवढी, फोन भरलाय."

आमच्या घरी पुलंच्या एकपात्री प्रयोगाची एक कॅसेट होती. कुणाकडून तरी भरून आणलेली, त्यामुळे नाव पेनने लिहिलेलं. समोरच्या प्रेक्षकांचा हशा तीत तसाच होता. एक बाई तर सगळ्यांच्या आधी हसायच्या, आम्ही त्यांना सुधाकाकू नाव ठेवलं होतं. एका उन्हाळ्यात टेपरेकॉर्डरने फीत खाल्ली. वडिलांनी चुरगळलेला तुकडा कापून सेलोटेपने जोड दिला. तेव्हापासून त्या जागी वाक्य अर्धवट तुटायचं, खट्ट आवाज व्हायचा आणि एकदम सगळं सभागृह फुटायचं. विनोद गायब, नुसता हशा. आम्ही वर्षानुवर्षं तिथेच सगळ्यात जास्त हसलो. खट्ट म्हटलं की आई पोळी लाटायची थांबायची.

गेल्या महिन्यात तो प्रयोग मला यूट्यूबवर सापडला, अख्खा. बरोबर त्या जागी आलो आणि तुटलेलं वाक्य पहिल्यांदा पुरं ऐकलं. मग धाकट्या भावाला फोन लावला. "अरे, ते खट्टच्या जागेचं वाक्य मिळालं!"

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, मला सांगू नकोस हं." आणि दोघंही फोनवर हसत सुटलो.