न मागता मिळणारं पॅड

स्कॉटलंडच्या सरकारी शाळा बघून डोळे दिपावेत असं काही नाही. पण मुलींच्या स्वच्छतागृहात बेसिनशेजारी ठेवलेल्या उघड्या टोपलीपुढे मी हात टेकते. पॅड, टॅम्पॉन, हवं ते उचलायचं. कुणाला विचारायचं नाही, वहीत सही करायची नाही.

यामागे कायदा आहे. मोनिका लेनन या लोकप्रतिनिधीने आणलेलं विधेयक नोव्हेंबर २०२० मध्ये एकमताने मंजूर झालं आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून (दिवस बघा कुठला!) पूर्ण लागू झालं. शाळांतला पुरवठा त्याआधी, २०१८ पासूनच. वस्तू सहज मिळावी आणि घेणारीचा मान राहावा, या दोन्ही अटी कायद्यातच आहेत.

या दुसऱ्या अटीवरच आपलं गोव्यात घोडं अडतं. पॅड टीचरच्या कपाटात आणि किल्ली टीचरच्या पर्समध्ये असेल, तर आठवीतली मुलगी मुलग्यांसमोरून उठून मागायला जाणार नाही. साडेसहाची कदंब बस पकडून वाळपईला शिकायला येणारी मुलगी दुपारी दोनला घरी पोचेपर्यंत एकाच पॅडवर राहते. ते चार ते सहा तासांत बदलायला हवं. नाहीतर जांघा सोलवटतात. वर टॉयलेट टाळायचं म्हणून ती पाणीच पीत नाही, मग लघवीला जळजळ. पीटीला पोट दुखतं म्हणून सांगायचं, कडेला एकटं बसायचं. मैत्रिणींना वाटतं हिला शिष्टपणा आलाय.

खर्चाचं म्हणाल तर हिशेब सोपा आहे. शंभर मुली, अठ्ठावीस दिवसांचं चक्र, पाच दिवस पाळी: कुठल्याही दिवशी साधारण अठरा जणी. तिघींतल्या एकीला शाळेतलं लागलं तर दिवसाला सहा, महिन्याला दीडशे. सुरुवातीला मुली चार-चार उचलून दप्तरात भरतील. भरू देत. उद्याही मिळणार हे कळलं की साठवणं आपोआप कमी होतं. टोपली टीचरच्या कपाटात नेऊन ठेवली की मात्र सगळं मुसळ केरात.

इथलं, स्कॉटलंडचं, सगळंच सोन्याचं नाही हो. व्हेपिंगच्या (ई-सिगारेट ओढण्याच्या) धास्तीने काही शाळा तासाच्या वेळी टॉयलेटला कुलूप घालतात. मग आतली टोपली काय कामाची? आणि आपल्यासारखी लोहाची निळी गोळी इथे दर आठवड्याला शाळेत मिळत नाही. साठ मिलिग्रॅम लोह, सोबत फॉलिक ॲसिड. आपण ही योजना चालवतो याचा मला अभिमान आहे. फक्त ती जेवणानंतर द्या. रिकाम्या पोटी मळमळते आणि पुढच्या सोमवारी गोळी गुपचूप खिडकीबाहेर जाते. शौच काळी होते हेही आधीच सांगा, म्हणजे मुलींच्या आया घाबरणार नाहीत.

गोव्यात उघडी टोपली चालायची नाही. पावसाळ्यात पॅड ओल धरतं, कधी बुरशीही येते. घट्ट झाकणाचा डबा घ्या, सुटी वेष्टनं असलेली पॅडं आणा, पंधरवड्याचाच साठा ठेवा. डबा स्वच्छतागृहाच्या दाराबाहेर नको, आत. शेजारी रद्दी पेपर आणि प्रत्येक टॉयलेटमध्ये झाकणाची कचरापेटी. ती रोज कोण रिकामी करणार, हे डबा लावायच्या आधी ठरवा.