कॉपीचं बटण आणि दोन रिकाम्या जागा

मायक्रोबायोमच्या (एखाद्या ठिकाणी राहणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या समूहाच्या) डेटा विश्लेषणाची पहिली कार्यशाळा घेतली, तेव्हा स्लाइड्स पॉवरपॉइंटमध्ये होत्या. मंडळी त्यातला कोड उचलून आर या प्रोग्रामिंग भाषेत टाकत आणि पहिल्याच ओळीला एरर येई. सरळ अवतरणचिन्हं आपोआप वळणदार झाली होती. आरला ती चालत नाहीत आणि पडद्यावर तो फरक पटकन दिसतही नाही. अर्धी सकाळ चिन्हं बदलण्यात गेली.

दुसऱ्या खेपेला सगळं क्वार्टोमध्ये, म्हणजे मजकूर आणि कोड एकत्र लिहायच्या साधनात, लिहिलं. त्यातून ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या रिव्हील-जेएसच्या स्लाइड्स तयार होतात आणि कोडशेजारी कॉपीचं बटण येतं. शिवाय स्लाइड्स बनताना कोड खरोखर चालतो. कुठे चुकलं असेल तर काम तिथेच अडतं. ही शिस्त मला फार मोलाची वाटते. तरी त्याही वेळी मधेच इंटरनेट गेलं आणि निम्म्या लोकांना स्लाइड्स उघडताच येईनात. तेव्हापासून चित्रं, फाँट सगळं एकाच एचटीएमएल फाइलीत सामावून घेते आणि ती फाइल, डेटा आणि जिवाणू ओळखायला लागणारा सिल्व्हाचा संदर्भसंच पेनड्राइव्हवर वाटते. पॅकेजेस आधीच बसवून आणायला सांगते.

डेटा डाडा२ या आरमधल्या विश्लेषण पॅकेजच्या मार्गदर्शिकेतलाच वापरते: उंदरांच्या विष्ठेचे १९ नमुने आणि ज्यात कोणते जिवाणू आहेत हे आधीच ठाऊक आहे असा एक मॉक नमुना. जिवाणू ओळखायला वापरतात त्या १६एस जनुकाचा व्ही४ नावाचा भाग, दोन्ही टोकांकडून वाचलेले २५० बेसचे (डीएनएच्या अक्षरांचे) क्रम, म्हणजे रीड. रीडच्या शेवटाकडे चुका वाढतात, म्हणून मार्गदर्शिकेत फॉरवर्ड (एका टोकाकडून वाचलेले) रीड २४० वर आणि रिव्हर्स (दुसऱ्या टोकाकडून वाचलेले) १६० वर छाटलेत. माझ्याही स्लाइडवर तेच आकडे होते. बटण दाबलं, कोड चालला, सगळे खूश. मग एकीने विचारलं, "मॅडम, माझा डेटा व्ही३-व्ही४चा आहे. हेच आकडे घालू ना?"

मी थांबलेच. तिचा तुकडा व्ही३ आणि व्ही४ मिळून सुमारे ४६० बेसचा. २४० आणि १६० मिळून ४००. दोन्ही रीड जोडून तुकडा पूर्ण करायचा असतो, पण इथे त्यांची टोकं एकमेकांना शिवणारच नव्हती, आणि दोष तिचा नव्हता. मी तिला विचार करायला जागाच ठेवली नव्हती.

आता छाटणीच्या त्या ओळीत दोन रिकाम्या जागा असतात. कॉपी केलं तरी आकडे भरल्याशिवाय कोड चालत नाही. आधी गुणवत्तेचा आलेख बघायचा: रिव्हर्स रीडची गुणवत्ता शेवटाकडे कशी घसरते ते पाहायचं, गटात बोलायचं, मग आकडा ठरवायचा. एका गटाने फार सावधपणे १५० आणि १०० घेतले. व्ही४ चा तुकडा साधारण २५३ बेसचा, जोडणीसाठी किमान १२ बेस जुळावे लागतात. प्रत्येक टप्प्यावर किती रीड उरले याचा तक्ता काढला, तर जोडणीच्या रकान्यात जवळजवळ काहीच नाही. गट गप्प झाला, मग कोणीतरी कागदावर बेरीज मांडली. त्या तक्त्यासमोर मी आता पाऊण तास राखून ठेवते. त्यासाठी तुलनात्मक चाचण्यांचं सत्र काढून टाकलं. विविधतेचे आलेखही मोजकेच ठेवले. ते नंतर वाचून जमतं, हे जमत नाही.

मॉक नमुना शेवटी उघडते. त्यात जिवाणूंचे २० ज्ञात स्ट्रेन (उपप्रकार). आकडे नीट निवडले की २० क्रम मिळतात आणि वीसच्या वीस संदर्भ जीनोमशी तंतोतंत जुळतात. वर्गाचा सूर इथे बदलतो, दर वेळी.

व्ही३-व्ही४वाली ती मुलगी संध्याकाळी तिचा आलेख घेऊन आली. तिचे रीड ३०० बेसचे होते, रिव्हर्स बाजू बरीच खराब. ती २८० आणि २२० म्हणाली. "मिळून ५००, चाळीसचा ओव्हरलॅप राहतो. पण २२० पर्यंत गुणवत्ता टिकतेय का?" आम्ही पुन्हा आलेखाकडे वळलो.