कूलरच्या पत्र्यापासून मिथेनच्या रिॲक्टरपर्यंत: आमची वाटचाल

नव्वदच्या दशकात वडिलांनी नागपुरात कूलरचे पत्रे कापण्यापासून व्यवसाय सुरू केला. पुढे हिंगणा एमआयडीसीत छोटा गाळा मिळाला, राइस मिलच्या बॉयलरची दुरुस्ती आणि शेल अँड ट्यूब हीट एक्स्चेंजर (मोठ्या नळकांड्यात, म्हणजे शेलमध्ये, नळ्या बसवून एका द्रवाची उष्णता दुसऱ्याला देणारे यंत्र) ही कामे येऊ लागली, आणि बरीच वर्षे आम्ही त्यांतच रमलो.

काही वर्षांपूर्वी एका बायोगॅस प्रकल्पचालकाने वेगळेच काम आणले. बायोगॅसमध्ये साधारण चाळीस टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. तो फेकून न देता हायड्रोजनशी संयोग करून त्याचेही मिथेन करायचे होते. ही अभिक्रिया ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या पॉल साबात्ये यांना १९१२ साली नोबेल मिळाले होते. त्यामुळे रसायनशास्त्राचा भाग जुनाच होता. अवघड होती ती उष्णता. एक घनमीटर मिथेन तयार होताना सुमारे २ किलोवॉट-तास उष्णता बाहेर पडते, म्हणजे दोन किलोवॉटचा गीझर तासभर चालवल्याइतकी, आणि तिचा मोठा भाग रिॲक्टरच्या, म्हणजे उत्प्रेरक भरलेल्या नळीच्या, सुरुवातीच्या वीतभर थरातच निघतो. शिवाय निकेलचा उत्प्रेरक अडीचशे अंशांच्या आसपास गेल्याशिवाय नीट कामाला लागत नाही. त्यामुळे आधी तापवायचे आणि अभिक्रिया पेटताच लगेच थंड करायचे, अशी दोन्ही कामे नळीभोवती फिरणाऱ्या एकाच थर्मिक फ्लुइडकडून (उष्णता वाहून नेणाऱ्या तेलाकडून) करून घ्यावी लागतात.

पहिल्या चाचणीसाठी आम्ही पन्नास मिलिमीटर व्यासाची एकच नळी घेतली आणि तिच्यात तीन थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) बसवले. तिन्हींचे आकडे २९० ते ३१० अंशांच्या आत होते, तरी मिथेनचे प्रमाण रोज थोडे थोडे घसरत होते. उत्प्रेरक खराब आला, असा दोष मी पुरवठादाराला देऊन मोकळाही झालो होतो. अखेर आमच्या फिटरने मधल्या थर्मोवेलमधला (थर्मोकपल ज्या बारीक बंद नळीत बसतो तिच्यातला) थर्मोकपल एकेक सेंटिमीटर वर ओढत आकडे वहीत लिहिले, तेव्हा गॅस शिरतो तिथून जेमतेम आठ सेंटिमीटरवर ५८० अंश सापडले. आमचे दोन थर्मोकपल त्या जागेच्या अलीकडे-पलीकडे होते. इतक्या उष्णतेत निकेलचे बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, त्यांचा उपयोगी पृष्ठभाग घटतो, आणि तो पुन्हा मिळत नाही. पुरवठादाराची मी माफी मागितली.

पुढची नळी पंचवीस मिलिमीटरची घेतली. व्यास निम्मा केला की, उत्प्रेरकाच्या दर घनसेंटिमीटरमागे तेवढीच उष्णता निघत असली तर, नळीचा मध्य आणि भिंत यांच्यातला तापमानाचा फरक जवळपास चौथाईवर येतो. सुरुवातीच्या थरात उत्प्रेरकात निष्क्रिय ॲल्युमिनाच्या गोळ्या मिसळल्या, म्हणजे उष्णता एकाच जागी न पेटता लांबीभर पसरते. मोठ्या कामात नळ्यांभोवती दाबाखालचे पाणी उकळत ठेवणे मला अधिक पसंत आहे, कारण ४० बार दाबाला पाणी २५० अंशांना उकळते आणि वाफ होताना तापमान न वाढवता उष्णता ओढून घेते. परंतु त्यासाठी बॉयलरच्या नियमांप्रमाणे मंजुरी लागते, आणि प्रायोगिक संचासाठी ग्राहक तेवढे थांबायला तयार नव्हता.

दोन गोष्टी मात्र काम करतानाच शिकलो. एसएसची (स्टेनलेस स्टीलची) दोन मीटरची नळी तीनशे अंशांनी तापली की सुमारे एक सेंटिमीटर लांबते आणि बाहेरचे कार्बन स्टीलचे शेल तितके लांबत नाही, म्हणून हा फरक सामावून घेणारा बेलोज (भात्यासारखा लवचीक जोड) बसवावा लागला. दुसरे असे की संच बंद करताना तापमान दोनशेच्या खाली जाण्याआधी नायट्रोजनने आतला गॅस झाडून काढतो, कारण थंड निकेल आणि उरलेला कार्बन मोनॉक्साइड यांच्यापासून अतिविषारी निकेल कार्बोनिल होऊ शकतो. या बाबतीत आम्ही घाई चालू देत नाही.

नागपूरच्या उन्हाळ्यात हा संच चालेल का, असे अनेक जण विचारतात. रिॲक्टर तीनशे अंशांवर असतो, त्याला बाहेरच्या ४६ अंशांचे फारसे काही वाटत नाही. त्रास होतो तो हवेने थंड होणाऱ्या कंडेन्सरला, म्हणजे गॅसमधल्या वाफेचे पाणी करणाऱ्या भागाला. या अभिक्रियेत प्रत्येक घनमीटर मिथेनमागे सुमारे १.६ लिटर पाणीही तयार होते, आणि ते मोजपात्रात कमी पडू लागले की वाफ गॅसबरोबर पुढे चालली आहे हे कळते. मागच्या मे महिन्यात तसेच झाले. वडिलांनी कंडेन्सरच्या हवेच्या बाजूला वाळ्याची ओली ताटी बांधायला सांगितली, आणि दुसऱ्या दिवसापासून मोजपात्रातले पाणी हिशेबाला जुळू लागले. पावसाळा लागला की ती ताटी आम्ही काढून ठेवतो.