सोडायला सांगा

"मॅडम, हात दाबला त्याने. मी सांगतोय ना, दाबला!"

मेंदूला मार लागलेल्यांच्या पुनर्वसन विभागात मी फिजिओथेरपिस्ट आहे. हे वाक्य आमच्याकडे रोज कुणी ना कुणी म्हणतंच. त्या सकाळी काका म्हणत होते. त्यांच्या तरुण मुलाच्या डोक्याला अपघातात मार लागला होता. ऑपरेशन झालं, व्हेंटिलेटर निघाला आणि गळ्यात श्वासासाठी ट्रॅकिओस्टॉमीची नळी, नाकात अन्नाची नळी अशा अवस्थेत तो आमच्या वॉर्डात आला. डोळे मात्र उघडे.

उघडे डोळे घरच्यांना फार फसवतात. डोळे उघडले म्हणजे शुद्ध आली, आता फक्त बोलायचं बाकी, असं त्यांना वाटतं. कोमा संपलेला असतो हे खरंच. तो सहसा दोन-चार आठवड्यांपलीकडे टिकत नाही. पण झोप आणि जाग सांभाळणारा मेंदूचा खालचा भाग सावरला, म्हणून समोर कोण आहे हे कळू लागलं असं नाही. जागं असणं वेगळं, भान असणं वेगळं. जांभई, कण्हणं, डोळ्यांतलं पाणी, क्वचित हसूसुद्धा भानाशिवाय येऊ शकतं. आईला हे सांगून बघा!

"काका, आता त्याला हात सोडायला सांगा," मी म्हटलं.

तळहाताला काही टेकलं की बोटं मिटतात, ती तान्ह्या बाळाचीही मिटतात. मेंदूला इजा झाल्यावर ती जुनी प्रतिक्षिप्त क्रिया पुन्हा डोकं वर काढते. म्हणून "दाब" म्हटल्यावर दाबला, यावरून फारसं काही ठरत नाही. "सोड" म्हटल्यावर सोडला, तर मात्र मी लगेच पुढे सरकते.

"सोड रे बाळा. हात सोड." काकांनी चारदा सांगितलं. त्याने सोडला नाही. काकांनीही सोडला नाही.

दाराशी त्यांची मुलगी उभी होती. आदल्या दिवशी तिने मला व्हरांड्यात गाठून हळूच विचारलं होतं, "खरं सांगा, बाबांना कुणी स्पष्ट का सांगत नाही?" अशा घरांत बहुतेक वेळा कामाची वाटणी होऊन जाते. एक जण सगळ्यांच्या वाटची आशा उचलतो आणि दुसऱ्यावर सगळ्यांच्या वाटचं वास्तव येऊन पडतं. मग दोघं एकमेकांवर चिडतात. तिला वाटतं बाबा वेड्यासारखं करताहेत, आणि काकांना वाटतं हिने भावाला सोडून दिलं. "आशा सोडू नका" आणि "आशा ठेवू नका" ही आम्हा लोकांची दोन्ही वाक्यं मला सारखीच आळशी वाटतात. दोन्ही बोलली की बोलणारा मोकळा होतो.

काकांकडे एक वही होती. मुलाची प्रत्येक हालचाल ते वेळेसकट लिहायचे. वॉर्डातले काही जण त्यावर हसायचे, पण मी ती मागून घेतली. बऱ्याच नोंदी माझ्या कामाच्या नव्हत्या: "आज प्रसन्न दिसला", "रागावलाय". पण एक गोष्ट पानापानावर दिसत होती. अंग पुसून, कूस बदलून झाल्यावर सकाळी नोंदी दाट होत्या आणि दुपारची औषधं गेली की पान कोरं. स्नायूंचा ताठरपणा कमी करणाऱ्या आणि फिट्स रोखणाऱ्या औषधांनी गुंगी येते. शिवाय अशा रुग्णांचं भान तासातासाला खालीवर होतं. म्हणूनच आम्ही जी सविस्तर भानचाचणी घेतो, ती दोन आठवड्यांत निदान पाचदा, वेगवेगळ्या वेळी घ्यावी असं संशोधक सांगतात. 2009 साली छापून आलेल्या एका अभ्यासात 44 रुग्णांना भान नाही असं डॉक्टरांचं एकमताने ठरलेलं होतं. त्यातल्या 18 जणांत या चाचणीत भानाच्या खुणा सापडल्या. आणि घरचा माणूस उशाशी जितका वेळ असतो, तितका आमच्यातला कुणीच नसतो.

म्हणून त्याच सकाळी, त्याच्या जाग्या वेळेत, मी त्याला आधार देऊन बसवलं आणि हातआरसा काढला. डोळे एखाद्या गोष्टीमागे फिरतात का, हे बघायला पेन किंवा बोट पुरत नाही. स्वतःच्या चेहऱ्यामागे डोळे जास्त सहज फिरतात, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. आरसा चेहऱ्यासमोर चार-सहा इंचांवर धरायचा आणि सावकाश उजवीकडे, डावीकडे, वर, खाली न्यायचा. उजवीकडे काहीच नाही. डावीकडे नेताना डोळे मध्येच अडखळले. परत नेला. या वेळी नजर आरशाबरोबर टोकापर्यंत गेली. एकदा जाणं योगायोग असू शकतो, म्हणून पुन्हा नेला. पुन्हा गेली.

काकांना बोलायला सुचेना. त्यांची मुलगी आत आली आणि मला म्हणाली, "अजून एकदा करा." हट्ट आता तिचा होता.

"म्हणजे तो मला ओळखतो?" काकांनी विचारलं. मी म्हटलं, हे अजून मला माहीत नाही. आज एवढंच कळलंय की त्याची नजर हलत्या चेहऱ्यामागे जाते. या अवस्थेला किमान भान म्हणतात, आणि 2002 पासून ती वेगळी गणली जाते, कारण भान नसलेल्यांपेक्षा इथून पुढे जाणाऱ्यांचं प्रमाण जास्त असतं. पण किती पुढे जाईल, ते आज सांगता येत नाही. काकांनी वहीत वेळ लिहिली आणि खाली "नजर, डावीकडे, दोनदा" एवढंच लिहिलं. "प्रसन्न" वगैरे काही नाही.

बातमी पलीकडच्या खाटेवर पोहोचायला वेळ लागला नाही. तिथे एक बाई होत्या. हृदय बंद पडून मेंदूला बराच वेळ प्राणवायू मिळाला नव्हता. अशी इजा अपघाताच्या मारापेक्षा बहुधा जास्त निर्दय असते, कारण ती एका जागी न होता सगळीकडे होते. त्यांचे यजमान सहसा बोलत नसत. दुपारी ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "तो आरसा हिलाही दाखवाल?"

त्यांची चाचणी मी आधीही घेतली होती. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घेतली, आरसा प्रत्येक दिशेला दोनदा नेला. नजर जागची हलली नाही. "नाही दिसलं," मी सांगितलं. "कदाचित" वगैरे जोडावंसं खूप वाटलं, पण नाही जोडलं. दुसरी गोष्टही सांगितली, कारण तीही खरीच आहे: 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, सांगितल्यावर काहीच न करणाऱ्या 241 रुग्णांपैकी 60 जणांचा मेंदू, त्याचं काम टिपणाऱ्या यंत्रांवर, सूचना पाळताना दिसला. मात्र तशी तपासणी अजून मोजक्याच ठिकाणी होते, आणि त्या साठात या असतील असं मानायला माझ्याकडे काही आधार नाही.

त्यांनी शांतपणे ऐकलं. "मग परत कधी बघाल?"

"पुढच्या आठवड्यात. सकाळी."

"सकाळी हिला फिटचं औषध असतं," ते म्हणाले. "ते आधी द्यायचं की नंतर, हे तुम्ही डॉक्टरांना विचारता, की मी विचारू?"