चेंडू सापडला पाहिजे

गोल्फ कोर्सची थोरवी सांगताना बरेच जण स्लोप रेटिंगचा आकडा पुढे करतात. १४० स्लोप, म्हणजे बघा केवढा कोर्स! हा आकडा ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो आणि ११३ प्रमाण मानतात. स्क्रॅच, म्हणजे ठरलेल्या फटक्यांत कोर्स संपवणाऱ्या, खेळाडूच्या तुलनेत बोगी खेळाडूला, म्हणजे साधारण २० हँडिकॅपवाल्याला (ठरलेल्यापेक्षा विसेक फटके जास्त घेणाऱ्याला), कोर्स किती जास्त महागात पडतो, एवढंच तो दाखवतो. आकडा जितका मोठा, तितकी सामान्य खेळाडूची पिसं जास्त निघणार. यात थोरवी कसली, हे कळत नाही.

रेटिंगच्या हिशेबातला हा बोगी खेळाडू टीवरून (होलचा पहिला फटका मारायच्या जागेवरून) २०० यार्ड मारतो आणि दोन फटक्यांत ३७० यार्डांपर्यंत पोहोचतो. स्त्री खेळाडूसाठी हेच आकडे १५० आणि २८० धरतात. कोर्स आखताना किंवा त्याची निगा राखताना हा माणूस डोळ्यांसमोर हवा. त्याची मागणी साधी असते: चेंडू सापडावा, आणि सापडल्यावर काहीतरी करता यावं.

आधी रुंदीचं बघू. २०० यार्डांवर फेअरवे (टीपासून भोकाकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा) ३० यार्ड रुंद असेल, तर मधल्या रेषेच्या दोन्हीकडे १५-१५ यार्ड मिळतात. कोनात हे जेमतेम सव्वाचार अंश. स्लाइस मारणाऱ्याचा (ज्याचा फटका हवेत बाजूला वळतो त्याचा) चेंडू सहज दहा अंश भरकटतो, म्हणजे मधल्या रेषेपासून ३५ यार्ड. तिथे काय आहे, यावर त्याचा दिवस ठरतो. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटर, पावणेदोन इंचांहून किंचित कमी. दोन इंच रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) तो वरून दिसतो, चार इंचांत पायाखाली आला तरच सापडतो. २०१९ पासून शोधायला ३ मिनिटं मिळतात. दर होलला चौघांपैकी एकाचा जरी चेंडू हरवला, तरी १८ होलमध्ये ५४ मिनिटं गवत तुडवण्यात जातात. वर टीवर परत जाण्याची पायपीट आणि एका फटक्याचा दंड! कोर्स आखणाऱ्या अलिस्टर मॅकेंझीने १९२० मध्येच चांगल्या कोर्सच्या लक्षणांत हरवलेले चेंडू शोधण्याचा वैताग नसणं हे एक लक्षण सांगितलं होतं. शंभर वर्षं उलटली तरी ग्रीनकमिट्यांना (कोर्सची निगा बघणाऱ्या समित्यांना) रफ वाढवायचा मोह सुटत नाही.

रुंद म्हणजे सोपा, ही समजूतही खोटी. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर पहिल्या आणि अठराव्या होलला मिळून एकच अवाढव्य फेअरवे आहे आणि त्यात एकही बंकर (वाळूचा खड्डा) नाही. तरी त्या कोर्सवर चांगले चांगले गोते खातात, कारण चुकीच्या बाजूने ग्रीनकडे (भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीकडे) यावं लागलं की फटका अवघड होतो. अमेरिकेतल्या पाइनहर्स्ट नंबर दोनवर कूर आणि क्रेनशॉ या कोर्स आखणाऱ्या जोडीने २०१०-११ मध्ये दाट रफ काढून वाळू आणि वायरग्रास या ताठ गवताचे झुबके परत आणले. तिथे चेंडू सापडतो. झुबक्याच्या बुडाशी सापडला तर नशीब फुटकं. झाडांचंही तसंच. खालच्या फांद्या डोक्याच्या वरपर्यंत छाटून बुडाची झुडपं काढली, तर चेंडू खालून सरपटत बाहेर काढता येतो. हा फटका मारायला मजा येते, झुडपातून काठीने चेंडू उकरण्यात येत नाही.

आता लांबी. पाच नंबरच्या आयर्नने (मधल्या पल्ल्याच्या काठीने) जितके यार्ड जातात त्याला ३६ ने गुणा; १५० यार्ड असतील तर ५,४०० यार्डांचा कोर्स. २०११ मध्ये अमेरिकेत ‘टी इट फॉरवर्ड’ मोहीम निघाली, तिच्या तक्त्यातही २०० यार्ड ड्राइव्हला ५,२०० ते ५,४०० यार्ड सुचवले होते. तोच माणूस ६,४०० यार्डांच्या टीवरून खेळला, तर चार पारच्या (चार फटक्यांत संपवायच्या) बहुतेक होलवर दुसऱ्या फटक्यालाही फेअरवे वुड (लांब पल्ल्याची काठी) काढावं लागतं आणि ग्रीन तरीही अनेकदा गाठता येत नाही. १५० यार्ड मारणाऱ्या बाईंचं आणखी कठीण, कारण अनेक कोर्सवर सगळ्यात पुढची टीसुद्धा ५,००० च्या वर असते. आणखी पुढे टी द्यायला नवं बांधकाम लागत नाही. फेअरवेच्या सुरुवातीचा एक सपाट तुकडा बारीक कापून खुणा ठेवल्या की काम होतं. फक्त त्या टीला ‘लेडीज’ किंवा ‘सीनियर’ म्हणू नका. नाव ऐकूनच माणसं मागच्या टीवर जातात.

पाणी ओलांडायला लावणारी होलं एक-दोन असावीत, आणि पुढच्या टीवरून पाण्यापलीकडे जायला बाजूने वाट असावी. टॉप झालेला (काठी वरच्या भागाला लागलेला) चेंडू ४०-५० यार्डच घरंगळतो, त्याला पाण्यावरून उडवणार कसं? पाणी तिरकं असलं की गंमत वाढते. ज्याला जितकं जमेल तितकं त्याने कापावं.

एक गोष्ट कोर्स आखतानाच ठरते. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवख्यांचा चेंडू बहुधा उजवीकडे पळतो. कुंपणालगतची होलं घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असतील, तर सगळीकडे हद्द उजवीकडे येते आणि प्रत्येक स्लाइस हद्दीबाहेर. घड्याळाच्या दिशेने फिरवली की कुंपण डावीकडे जातं.

बंकर किती, यापेक्षा कुठे, हे महत्त्वाचं. टीपासून १७०-२०० यार्डांवरचा बंकर लांब मारणाऱ्याला दिसतही नाही, सापडतो तो बिचारा बोगीवाला. ग्रीनपाशीही सामान्य खेळाडूचा चेंडू बहुतेकदा कमीच पडतो, म्हणून समोरची पूर्ण रुंदी बंकरने अडवणं म्हणजे त्यालाच शिक्षा. समोर एक दार उघडं ठेवा. स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बेरिकच्या ‘रेडॅन’ या होलचं ग्रीन पुढच्या उजव्या बाजूकडून मागे डावीकडे उतरतं. तिथे उजवीकडे टाकलेला चेंडू उतारावरून घरंगळत झेंड्याकडे जाताना बघण्यात निम्मं सुख आहे.

पण हे दार अनेकदा कागदावरच उघडं राहतं. ग्रीनभोवतीचे स्प्रिंकलर गोल फिरतात आणि ग्रीनबरोबर समोरची दहा-पंधरा यार्ड जमीनही भिजवतात. मग चेंडू पडतो तिथेच रुततो. उपाय म्हणजे समोरच्या बाजूचे स्प्रिंकलर वेगळे चालतील असे जोडायचे, किंवा ठरावीक कोनातच फिरणारे बसवायचे आणि ग्रीनला कमी पडेल तिथे हाताने पाणी द्यायचं. गवत तिथे थोडं पिवळटलं तरी चालेल.

ग्रीनचा वेग स्टिम्पमीटरवर (तिरक्या पट्टीवरून सोडलेला चेंडू ग्रीनवर किती फूट घरंगळतो ते दाखवणाऱ्या साधनावर) ९ ते १० फूट पुरे. ११-१२ वर नेलात, की पूर्वी जिथे चेंडू थांबायचा ते ३ टक्के उतार वापरातून जातात. मग झेंडा लावायला दोन-तीनच जागा उरतात, त्याच जागा रोज तुडवल्या जातात आणि तिथलंच गवत आधी मरतं. भोक नेहमी कडेपासून निदान चार पावलं आत असावं आणि भोवतालचा तीन फुटांचा घेर जवळजवळ सपाट. सकाळी भोक पाडणाऱ्याने चारही बाजूंनी एकेक चेंडू टाकून बघावा. उताराच्या वरच्या बाजूने हलकेच सोडलेला चेंडू भोकापलीकडे तीन-चार फुटांवरही थांबत नसेल, तर माती परत भरून दुसरी जागा शोधावी.